पांढरे सोने आणि जमशेटजी

दिवाळी आटोपली की राळेगावच्या बाजूला पऱ्हाटीची बोंडे फुटू लागतात. सीतादहीची पूजा होते, बाया ओटी बांधून वेचणीला जातात आणि पुढचे चार महिने तालुक्याचे सारे बोलणे कापसाभोवती फिरत राहते. आज भाव काय फुटला, ओल किती धरली, जिनवर गाड्यांची रांग कुठवर गेली, पोरीचे लग्न यंदा उरकायचे की पुढच्या साली. पूर्वी बैलबंड्या असत, आता ट्रॅक्टर आणि मालमोटारी आहेत, एवढाच काय तो फरक. जिनिंगमध्ये सरकी वेगळी होते, रुईच्या गाठी बांधल्या जातात आणि त्या गाठी तालुका सोडून, जिल्हा सोडून, बहुधा राज्यही सोडून निघून जातात. परत येते ते कापड. त्याचा भाव मात्र राळेगावात ठरत नाही, आणि खरे पाहता कापसाचाही ठरत नाही.

निसर्गाने भरभरून दिलेला मुलूख श्रीमंत असायला हवा, असे कोणालाही वाटेल. वऱ्हाडची काळी माती, वणीचा कोळसा, चांद्याचे लोखंड, गडचिरोलीचे जंगल, एवढे सगळे शे-दीडशे मैलांच्या टापूत क्वचितच एकत्र सापडते. तरीही हा टापू महाराष्ट्राच्या मागासपणाच्या प्रत्येक अहवालात हजेरी लावतो. हे कोडे आजचे नाही. सुमारे दीडशे वर्षांपूर्वी एका पारशी गृहस्थाला ते पडले होते, आणि ते सोडवण्यासाठी तो मुंबई सोडून थेट नागपूरला आला होता. जमशेटजी नसरवानजी टाटा हे नाव आपल्याला पोलाद, वीज आणि ताजमहाल हॉटेल यांमुळे ठाऊक आहे. पण या माणसाच्या कर्तृत्वाची पहिली मोठी इमारत उभी राहिली ती वऱ्हाड-नागपूरच्या कापसावर, हे आपल्याकडेही फारसे कोणी सांगत नाही.

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ चा, गुजरातेतल्या नवसारीचा. घराणे पारशी धर्मोपदेशकांचे. वडील नसरवानजी यांनी कुळाची वाट सोडून मुंबईत व्यापार मांडला आणि मुलाला एल्फिन्स्टन कॉलेजात घातले. १८५८ साली शिक्षण संपवून जमशेटजी वडिलांच्या पेढीत आले आणि पुढच्याच वर्षी हाँगकाँगला रवाना झाले. त्या काळी मुंबईच्या बहुतेक पेढ्या चीनला कापूस आणि अफू पाठवीत आणि तिकडून चहा, रेशीम वगैरे आणीत. टाटांची पेढीही त्याला अपवाद नव्हती. थोर माणसाच्या चरित्रात अफूचा उल्लेख नको असे काहींना वाटते, पण आपल्या बंदरांची भरभराट कशावर झाली हे मुलाबाळांना कळले तर बिघडत नाही.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेतल्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. मग साऱ्या व्यापाऱ्यांच्या नजरा हिंदुस्थानकडे वळल्या. लिव्हरपूलच्या बाजारात धोलेरा, उमरावती, हिंगणघाट ही नावे भावाच्या फलकावर चढली. राळेगावाहून वर्धा नदी ओलांडली की हिंगणघाट. तिथला बणी जातीचा कापूस लांब आणि मऊ धाग्याचा, म्हणून त्याला वेगळा मान होता. भाव काही पटींनी चढले. शेतकऱ्यांच्या हातात कधी नव्हे एवढा पैसा खुळखुळू लागला. बंडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्याच्या गोष्टी त्या वेळच्या साहेबांनी लिहून ठेवल्या आहेत. त्यात तिखटमीठ किती असेल ते असो, पण ज्वारीची वावरे कापसाखाली गेली आणि सावकाराने हात सैल सोडून कर्ज दिले, हे खरे.

मुंबईत तर पैशाने वेड लावले. प्रेमचंद रायचंद या शेअरबाजाराच्या राजाभोवती बँका, वित्तसंस्था आणि समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या पावसाळी छत्र्यांसारख्या उगवल्या. समुद्र हटायचा तेव्हा हटेल, शेअरचा भाव मात्र आजच दसपट होई. नसरवानजींचा प्रेमचंदांशी भागीदारीचा संबंध होता. या भरतीच्या लाटेवर लंडनमध्ये हिंदी बँक काढावी म्हणून पंचविशीतल्या जमशेटजींना विलायतेला धाडण्यात आले. सोबत होते ते रोख्यांचे आणि शेअरांचे गठ्ठे.

१८६५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतले युद्ध संपले. कापूस कोसळला. १ जुलै १८६५ या वायद्याच्या दिवशी मुंबईत पेढ्यांमागून पेढ्या बुडाल्या. जमशेटजींच्या पेटीतल्या कागदांना रद्दीची किंमत उरली, आणि ते होते परमुलखात, धनकोंच्या दारात. त्यांनी पळ काढला नाही. धनकोंपुढे जाऊन पेढीची खरी स्थिती मांडली. त्याचा परिणाम असा झाला की धनकोंनी दिवाळखोरीचा कारभार आवरण्याचे काम त्यांच्यावरच सोपवले, तेही मासिक वीस पौंड मेहनतान्यावर. मुंबईत वडिलांना राहते घर विकावे लागले.

या चार वर्षांत जमशेटजी जे शिकले ते कॉलेजात शिकवले जात नव्हते. कच्च्या मालाला मिळालेला अवाच्या सवा भाव ही मिळकत नव्हे, ती उसनवारी असते. दुसऱ्याच्या घरची आग विझली की ती परत करावी लागते. आपला नफा-तोटा अमेरिकेतल्या सेनापतींनी ठरवावा, यात आपले असे काहीच नव्हते.

हीच गोष्ट त्याच वेळी इजिप्तमध्ये राष्ट्राच्या पातळीवर घडत होती. नाईलच्या काठी लांब धाग्याचा उत्तम कापूस पिकतो. युद्धकाळात तिथेही सोन्याचा पाऊस पडला. खेदिव इस्माइलने त्या भरवशावर राजवाडे, कालवे, आगगाड्या यांसाठी युरोपातून कर्जे उचलली. भाव उतरला, पण कर्जाचे व्याज काही उतरले नाही. १८७५ साली सुएझ कालव्यातला हिस्सा इंग्लंडला विकावा लागला, १८७६ मध्ये कर्जफेड थांबली, १८७९ मध्ये खेदिवाला गादी सोडावी लागली आणि १८८२ साली इंग्रजी फौज इजिप्तमध्ये उतरली. कापसाने एक देश गमावला, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. विसाव्या शतकात असेच काही घडले तेव्हा अर्थशास्त्रज्ञांनी त्याला नाव दिले. १९५९ साली हॉलंडमध्ये वायूचा प्रचंड साठा सापडला. वायूच्या निर्यातीने चलन महाग झाले, त्यामुळे इतर कारखान्यांचा माल परदेशात खपेना. एका देणगीने बाकीचे धंदे आजारी पाडले, म्हणून या दुखण्याला डच रोग म्हणतात. नायजेरियाला तेल लाभले नाही. उलट नॉर्वेने १९९० साली कायदा करून तेलाच्या पैशासाठी राखीव निधी उभारला, आणि बोट्स्वानाने हिऱ्यांचे उत्पन्न शाळा-रस्त्यांकडे वळवले. म्हणजे दोष मातीत किंवा खाणीत नसतो. मिळालेल्या पैशाचे पुढे काय केले जाते, इथे सारी मेख असते.

जमशेटजींकडे परत येऊ. १८६७-६८ च्या ॲबिसिनियाच्या मोहिमेत इंग्रजी फौजेला रसद पुरवण्याच्या ठेक्यात नसरवानजींची भागी होती. त्यातून घर सावरले. १८६९ मध्ये जमशेटजींनी चिंचपोकळीची एक बुडीत तेलाची गिरणी विकत घेऊन तिची कापडगिरणी केली आणि दोनेक वर्षांत ती नफ्यात विकून टाकली. मग ते लँकेशायरला गेले. कापूस पिकवणारा देश गरीब आणि कापसाचे एक बोंडही न पिकवणारा परगणा श्रीमंत, हा उलटा न्याय त्यांनी गिरणीच्या खात्याखात्यांतून फिरून समजून घेतला.

परतल्यावर त्यांनी जो निर्णय घेतला तो मुंबईच्या शेठ मंडळींना वेडगळ वाटला. तेव्हा गिरणी काढायची ती मुंबईतच, असा रिवाज होता. बंदर तिथे, बाजार तिथे, भांडवल तिथे. जमशेटजींनी हिशेब दुसऱ्या टोकाकडून केला. नागपूर-मुंबई रेल्वे १८६७ साली सुरू झाली होती. कापूस सव्वाआठशे किलोमीटर मुंबईला न्यायचा आणि तिथले कापड पुन्हा तेवढ्याच वाटेने वऱ्हाडात आणायचे, दोन्ही वेळचे भाडे मात्र इथल्या माणसाने भरायचे. त्यापेक्षा गिरणीच कापसाजवळ का नेऊ नये? वरोऱ्याचा कोळसाही जवळ होता. १८७४ मध्ये पंधरा लाखांच्या भांडवलावर सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी स्थापन झाली.

जागा घेतली ती जुम्मा तलावाजवळची, म्हणजे आजच्या गांधीसागराजवळची. जमीन दलदलीची होती, भर घालून घालून ती वर आणावी लागली. नागपूरच्या एका मारवाडी सावकाराने या कामी पैसे द्यायला साफ नकार दिला, कारण हा माणूस खड्ड्यात सोने ओततो आहे असे त्याचे मत पडले. पुढे गिरणी भरभराटीला आली तेव्हा त्याच सावकाराने, टाटांनी माती घालून सोने काढले, अशी कबुली दिल्याचे सांगतात. गोष्ट घडली असो वा रचलेली असो, नागपुरात ती टिकून राहिली.

१ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केले त्याच दिवशी, गिरणी सुरू झाली आणि तिचे नाव पडले एम्प्रेस. सुमारे तीस हजार चात्या आणि साडेचारशे माग. आरंभ मात्र डौलदार नव्हता. यंत्रे स्वस्तातली घेतली होती, ती दगा देऊ लागली. पाचशे रुपयांचा शेअर जवळजवळ अर्ध्यावर आला. माणसांची निराळीच अडचण. शेतीच्या हंगामाला सरावलेला मजूर घड्याळाच्या भोंग्याला जुमानत नसे. लग्नसराई, पोळा, पेरणी, काहीही निघाले की खाते ओस. जमशेटजींनी इथे दंडुक्याचा उपाय न करता माणसे सांभाळण्याचा मार्ग धरला. व्यवस्थापक म्हणून बेझनजी दादाभाई मेहता यांना आणले. ते रेल्वेच्या मालखात्यातले, कापडाचा त्यांना गंध नव्हता, पण माणूस पारखण्यात जमशेटजी चुकले नाहीत. जुनी यंत्रे काढून उत्तमातली आणली. रिंग चात्यांबद्दल लँकेशायरचे कारखानदार अजून घोटाळत होते, त्या नागपुरात फिरू लागल्या. हवेत ओलावा राखण्याची आणि आग विझवण्याची व्यवस्था झाली. १८८६ मध्ये कामगारांसाठी निवृत्तिवेतनाचा निधी आणि १८९५ पासून अपघाताची भरपाई सुरू झाली. कायद्याने यांतले काहीही करायला त्यांना भाग पाडलेले नव्हते. अर्थात कामाचे तास तेव्हाच्या रीतीप्रमाणे भयंकर लांब होते आणि लाभांशाचा मोठा वाटा मुंबईकडेच जात होता, हेही नोंदवले पाहिजे.

तरीही काय बदलले ते पाहा. वऱ्हाडच्या कापसाला घराजवळ एक गिऱ्हाईक मिळाले. नागपुरात हजारो कुटुंबांच्या घरी महिन्याच्या महिन्याला पगार येऊ लागला. फिटर, जॉबर, मुकादम, कारकून असा एक नवाच वर्ग तयार झाला. त्यांच्या मुलांनी शाळा पाहिली. नागपूर, उमरेड, पवनीच्या कोष्ट्यांना सुताचा पुरवठा झाला, आणि त्याच गिरणीच्या कापडाने त्यांच्या मागांशी स्पर्धाही केली. हातसूत कातणाऱ्या बायांचा धंदा तर विलायती सुताने आधीच बुडवला होता.

आणि राळेगाव? इथे मला जमशेटजींचे गुणगान थोडे आवरते घ्यावेसे वाटते. गिरणी कापसाजवळ आली, पण ती कास्तकाराजवळ आली नाही. राळेगाव तेव्हा वणी जिल्ह्यात होते. यवतमाळ हे जिल्ह्याचे नाव पुढे १९०५ साली पडले. इथल्या शेतकऱ्याला भाव अजूनही लिव्हरपूलच्या तारेने कळत होता आणि पैसा सावकाराकडून मिळत होता. व्यापारी धाग्याची लांबी न बघता वजन बघू लागले, तशी बणीसारखी सुरेख जात मागे पडली आणि आखूड धाग्याचा पण जास्त रुई देणारा जाडाभरडा कापूस शेतात शिरला. आपल्याच मालाची पत आपणच उतरवली, कारण पत राखण्याचे दाम कोणी देत नव्हते. १८९६-९७ आणि पुन्हा १८९९-१९०० च्या दुष्काळांत ज्या वऱ्हाडातून वर्षानुवर्षे कापसाच्या गाठी रेल्वेने बाहेर गेल्या, त्याच वऱ्हाडात माणसे धान्यावाचून मेली. ज्वारीच्या वावरात कापूस पेरला होता. कापूस खाता येत नाही.

जमशेटजींना या प्रश्नाची जाणीव नव्हती असे नाही. लांब धाग्याचा इजिप्शियन कापूस आपल्याकडे पिकवता येईल का, यावर त्यांनी १८९६ मध्ये एक टिपण छापून वाटले आणि शेतकऱ्यांनी प्रयोग करावेत म्हणून खटपट केली. त्याला फळ आले नाही. गिरणी एका माणसाच्या जिद्दीने उभी राहते. पण शेती सुधारायची तर पाणी, कर्ज, बियाणे, रस्ते अशी सरकारची सारी यंत्रणा लागते, आणि सरकार होते परक्यांचे.

नागपुरातल्या मुक्कामातच त्यांच्या हाती १८८२ साली एक अहवाल पडला. श्वार्ट्झ नावाच्या जर्मन भूगर्भशास्त्रज्ञाने चांदा जिल्ह्यातल्या लोहखनिजाची पाहणी केली होती आणि लोहाऱ्याच्या डोंगराबद्दल उमेद बाळगली होती. लोहारा इथे, वरोऱ्याचा कोळसा तिथे, मध्ये जेमतेम थोडे अंतर. कापसाचे जे केले तेच लोखंडाचे करायचे, हा विचार त्रेचाळीस वर्षांच्या जमशेटजींच्या डोक्यात तेव्हापासून घुसला. वरोऱ्याच्या कोळशाचे नमुने त्यांनी जर्मनीला तपासायला पाठवले. उत्तर आले की भट्टीला हा कोळसा चालणार नाही. त्यातच खाणकामाच्या सरकारी अटी इतक्या जाचक की धंदा करणाऱ्याने पाऊलच टाकू नये. योजना बासनात गेली, ती सतरा वर्षे तशीच राहिली.

मधल्या काळात त्यांनी कुर्ल्याची बुडीत गिरणी घेऊन १८८६ मध्ये स्वदेशी मिल काढली, चीन-जपानच्या जहाजवाहतुकीत बड्या इंग्रज कंपनीशी भाड्याची लढाई खेळून ते हरले, आणि १८९८ मध्ये विज्ञानसंस्थेसाठी तीस लाखांची मालमत्ता देऊ केली. बंगळूरची विज्ञानसंस्था त्यातूनच निघाली. माझ्या मते ही देणगी आणि पोलादाचा ध्यास या एकाच विचाराच्या दोन बाजू होत्या. जमिनीतून काय निघते यापेक्षा ते ओळखणारी आणि घडवणारी माणसे देशात आहेत का, याची त्यांना जास्त काळजी होती.

१८९९ साली कर्झनच्या सरकारने खाणींचे नियम सैल केले आणि साठीच्या जमशेटजींनी जुने बासन सोडले. १९०२ मध्ये ते अमेरिकेला गेले, पोलादाच्या भट्ट्या पाहत हिंडले, पेरिन नावाच्या अभियंत्याला गळ घातली. पेरिनचा सहकारी वेल्ड हिंदुस्थानात आला आणि जमशेटजींचे थोरले पुत्र दोराबजी यांच्यासह चांद्याच्या रानात फिरला. लोहाऱ्याने निराशा केली. खनिज होते, पण मोठ्या कारखान्याला पुरेल असे नव्हते. सगळे सोडून द्यायची पाळी आली तेव्हा दोराबजी नागपूरच्या सचिवालयात एका अधिकाऱ्याला भेटायला गेले. साहेब जागेवर नव्हते. वेळ काढायला म्हणून ते समोरच्या संग्रहालयात शिरले. आपल्या अजब बंगल्याची ही गोष्ट. तिथे भिंतीवरच्या भूगर्भाच्या नकाशात दुर्ग जिल्हा लोखंडाच्या गडद रंगाने भरलेला त्यांना दिसला. प्रमथनाथ बोस यांनी केलेल्या पाहणीचे ते फळ होते. दल्ली-राजहराचा तो डोंगर खरोखरच लोखंडाचा निघाला, पण जवळ योग्य कोळसा आणि पुरेसे पाणी नव्हते. मग याच बोसबाबूंचे फेब्रुवारी १९०४ मध्ये जमशेटजींना पत्र आले, की मयूरभंज संस्थानात उत्तम लोखंड आहे आणि झरियाचा कोळसा जवळ आहे.

ते लोखंड पाहणे जमशेटजींच्या नशिबी नव्हते. १९ मे १९०४ रोजी जर्मनीत बाड नाउहाइम येथे त्यांचे निधन झाले. मृत्यूच्या दोन वर्षे आधी त्यांनी मुलाला पत्र लिहून, अजून जागाही न ठरलेल्या पोलादनगरीत रस्ते रुंद असावेत, सावलीची झाडे भराभर वाढणारी लावावीत, खेळाला मोकळी मैदाने सोडावीत, मंदिर, मशीद, चर्च यांना जागा ठेवावी, असे बजावले होते. १९०७ साली कंपनी निघाली तेव्हा लंडनच्या बाजाराने पाठ फिरवली. मुंबईत मात्र तीन आठवड्यांत सुमारे आठ हजार हिंदी लोकांनी भांडवल उभे केले. १९१२ मध्ये साकची येथे, म्हणजे आजच्या जमशेदपुरात, पोलाद ओतले गेले.

पुढचे सर्वांना माहीत आहे, निदान पोलादाचे. दल्ली-राजहराचे लोखंड १९५९ पासून भिलाईच्या भट्ट्यांना जाऊ लागले. एम्प्रेस मिल मात्र १९८६ साली टाटांच्या हातून गेली, राज्य सरकारच्या वस्त्रोद्योग महामंडळाने ती काही वर्षे रडतखडत चालवली आणि २००२ मध्ये तिचा भोंगा कायमचा थांबला. त्या जागेवर आता मॉल उभा आहे. महाराष्ट्रात १९७२ पासून सुमारे तीस वर्षे कापसाची एकाधिकार खरेदी चालली, सहकारी सूतगिरण्या निघाल्या, त्यातल्या कितीतरी बंद पडल्या. यवतमाळच्या औद्योगिक वसाहतीत डेनिमचा कारखाना आला, तोही योगायोगाने लोहारा नावाच्याच गावाजवळ. पण जिल्ह्यात जेवढा कापूस पिकतो त्यापुढे त्याची भूक ती केवढी! यवतमाळ जिल्ह्याचे नाव गेल्या तीस वर्षांत देशाने ऐकले ते कापसामुळे नव्हे, कापूस पिकवणाऱ्यांच्या आत्महत्यांमुळे.

वणीच्या खाणींतला कोळसा वाघिणींतून वीजकेंद्रांकडे जातो. गडचिरोलीतल्या सुरजागडच्या डोंगरातून अलीकडे लोहखनिज काढणे सुरू झाले आहे आणि मालमोटारी भरून निघतात. तिथल्या आदिवासी गावांत आता तीच चर्चा आहे: भट्टी इथे लागणार की माल नुसताच बाहेर जाणार, आणि लागली तर आत कामाला कोण असणार. राळेगावच्या जिनवर फेब्रुवारी सरता सरता गाड्यांची रांग ओसरते. शेवटच्या वेचणीचा कवडी कापूस येतो, त्याला भाव कमी मिळतो. सरकी तेलाच्या घाणीकडे जाते, गाठी दक्षिणेकडे किंवा गुजरातेकडे जाणाऱ्या मालमोटारीत चढतात, आणि कास्तकार पावती खिशात घालून पुढल्या हंगामाच्या बियाण्याची चौकशी करायला कृषी केंद्राच्या पायऱ्या चढतो.